अक्षराला पंधरा पैसे

एक जुलै १९८१, वार बुधवार. पगार ठरला महिना एकशे दहा रुपये, जेवण ज्याचं त्याने आणायचं. ठरवताना हजर तिघं: कासारी बाजारातल्या त्या भांड्यांच्या दुकानाचे मालक, माझे वडील आणि मी. पायरीवर एक कल्हईवाले चाचा पातेलं घासत बसले होते आणि आमचं सगळं ऐकत होते. त्यांना धरलं तर चौघं.

मी बारावी कॉमर्स झालो होतो. वडील शाळेत कारकून होते आणि त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, की पुढच्या शिक्षणाची फी माझी मी काढायची. सकाळी कॉलेज आणि अकरापासून दिवे लागेपर्यंत दुकान, असं ते ठरत होतं. वडिलांनी माझे गणिताचे मार्क सांगितले. मालकांनी ते ऐकले की नाही कोण जाणे. त्यांनी हात लांब केला, मधल्या बोटाचं पेर माझ्या टाळूवर टक्कन मारलं आणि मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं.

"भरीव लागतंय," ते वडिलांना म्हणाले. "बघू. ठेवून जा."

पायरीवरून चाचा म्हणाले, "क्या मालिक, छोकरे कू बी बजा के लेते क्या?"

"मग? न वाजवता घेतलेलं घरी गेल्यावर गळतं."

वडिलांना हे अजिबात आवडलं नाही. पण एकशे दहा रुपये देणारं दुसरं दुकान आमच्या माहितीत नव्हतं.

वाजवून बघायची ही सवय फक्त भांड्यांपुरती नव्हती. चहाचा ग्लास ते आधी वाजवत, मग तोंडाला लावत. दाराची फळी, कलिंगड, उधारी मागायला आलेल्या माणसाची पत्र्याची पेटी, सगळ्यावर ते मधलं बोट चालायचं. गादी असूनही ते तिच्यावर बसत नसत. उपड्या घातलेल्या एका जुन्या घंगाळावर बसत. गादीवर बसलं की गिऱ्हाईक खाली दिसतं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकाला मात्र ते घंगाळावरूनसुद्धा पुरेसं खाली बघत. कुणी पातळ पत्र्याची कळशी उचलली की म्हणत, "ती नका घेऊ, ती दाखवायला ठेवलीया." मग विकायला काय ठेवलंय असं विचारलं तर, "तुमच्या घरी माणसं किती?" हा प्रश्न. एवढ्यात शेजारच्या दुकानदाराचा आवाज यायचा, "या या, इकडं या! इथं चौकशी नाही!" आणि गिऱ्हाईक हसत तिकडे जायचं.

माझं काम भांड्यांवर नावं घालण्याचं होतं. हल्ली ती पद्धत मोडत चालली आहे, म्हणून सांगतो. त्या काळी लग्नात मुलीला द्यायच्या भांड्यांवर नाव कोरून दिलं जाई. हंडा, कळशी, परात, पातेली, तांब्या, सगळ्यांवर. मालकांकडे विजेवर चालणारं मशीन होतं, पेनसारखं हातात धरायचं, आणि त्याची सुई थरथरत पितळेवर अक्षर उमटवायची. मालक स्वतः मात्र छिन्नीने ठोकून घालत. मशीनचं अक्षर त्यांना लिहिल्यासारखं वाटे. नाव कोरलेलं असावं, लिहिलेलं नसावं, हे त्यांचं मत. दर अक्षराला पंधरा पैसे. जोडाक्षराला दीडपट. 'सौ.' आणि 'चि.' फुकट. मी एकदा विचारलं, की ही अक्षरं नाहीत का? ते म्हणाले, "मानाचं पैसं घेत नसतेत."

इथवर सगळं ठीक होतं. त्यांचं दुकान मागे पडलं ते त्यांच्या एका नियमाने. ज्या मुलीच्या नावाची भांडी, ती मुलगी दुकानात आली पाहिजे आणि तिने स्वतःच्या तोंडाने आपलं नाव सांगितलं पाहिजे. ती सांगेल तेच नाव पडेल.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून मुलीला त्या नावाने हाक मारायची. ते नाव बहुतेक वेळा सासरचे आधीच ठरवून कळवत, आणि मुलीचे वडील तेच भांड्यांवर घालून आणायला येत. मुलगी घरीच असे. कागदावर लिहून आणलेलं नाव ते पुढे करत. मालक कागदाला हात लावत नसत.

"पोरगी कुठंय?"

"पोरगी कशाला? नाव लिहून आणलंय की."

"तिला घेऊन या. ती म्हणंल ते घालू."

"अहो, आमच्यात पोरी बाजारात उभ्या राहून नावं सांगत नाहीत."

"मग भांडी मुकी न्या. मी कुठं नको म्हणतो?"

काही जण खरंच मुकी भांडी नेत आणि नाव शेजारच्या दुकानात घालून घेत. काही भांडत. काही मात्र कुतूहलाने पुढच्या खेपेला मुलीला घेऊन येत. त्या मुली घंगाळासमोर मान खाली घालून उभ्या राहत आणि जेमतेम ऐकू येईल असं नाव सांगत. मालक म्हणत, "मोठ्यांदा. भांड्याला ऐकू गेलं पायजे." मग एखादी खुदकन हसून मोठ्याने सांगे. तेवढं झालं की मालक छिन्नी घेत. त्या वेळी त्यांचा चेहरा जरा उजळे. एरवी तो माणूस हसलेला मला आठवत नाही.

हा नियम कशासाठी, ते त्यांनी मला कधी बसवून सांगितलं नाही. एकदा तराजूच्या साखळीतला गुंता सोडवताना, माझ्याकडे न बघता, इतकंच म्हणाले, "माझ्या आईचं नाव मला तिच्या तेराव्याला कळलं. मामा आला पाथरीहून. भलत्याच नावानं हाका मारून रडायला लागला. मला वाटलं दुसऱ्याच्या घरी आलाय." साखळी सुटली. "वजनं आण," ते म्हणाले.

दुकानाच्या माळ्यावर तीन भांडी होती. एक हंडा, एक परात, एक लोटा. अठ्ठेचाळीस सालच्या, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत लोकांनी घर सोडताना भांडी विहिरीत टाकली होती, आणि नंतरच्या धामधुमीतही दुसऱ्या लोकांनी तेच केलं होतं. सगळं निवल्यावर विहिरी उपसल्या, तेव्हा काही भांडी मालकांच्या वडिलांकडे आली. मालक तेव्हा तरणे होते. दुकानापुढे उभं राहून ते भांड्यांवरची नावं मोठ्याने वाचत आणि ज्याचं त्याने ओळखून न्यावं अशी रीत पडली. तीन भांड्यांना कुणीच आलं नाही. लोट्यावरचं नाव उर्दूत होतं. दर दसऱ्याला मालक ती तिन्ही खाली काढत, चिंचेने घासत, वाजवत आणि नावं वाचत. लोट्यावरचं चाचा वाचत. मग परत माळ्यावर. मी विचारलं होतं, की इतकी वर्षं झाली, मोडीत का घालत नाही? मोड म्हणजे जुनी भांडी वितळवायला वजनावर विकणं.

"ज्यांची हायती त्यांनी घालावी," ते म्हणाले.

असा तो माणूस. आणि त्या माणसाने आपला नियम माझ्यासमोर एकदा मोडला.

माझं पहिलंच वर्ष होतं. लग्नसराई संपत आली होती आणि दुकानात माल पडून होता. पैठणच्या एस.टी.तले एक कंडक्टर आले. कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणतात, म्हणून मीही मास्तरच लिहितो. खाकी गणवेश, बरोबर त्यांची मुलगी आणि मुलाकडचे एक चुलते. चुलत्यांचं गाव पैठण रोडला, शेती भरपूर, पुतण्या शहरात कारखान्यात कायम झालेला. भांडी चुलते निवडत होते, पैसे मास्तर देणार होते. सगळं पितळ आणि तांबं, लहानमोठे एकतीस नग. तसं गिऱ्हाईक आम्हाला त्या अख्ख्या सराईत मिळालं नव्हतं.

मालकांनी मुलीला विचारलं. तिने एका दमात आणि खणखणीत सांगितलं, "गोदावरी."

"वा," मालक म्हणाले. "वाजली."

चुलते म्हणाले, "ते घरचं झालं. नाव घालायचं वैशाली. सौ. वैशाली, आणि पुढं आमचं आडनाव."

"ती गोदावरी म्हणली."

"अहो, ती काय बी म्हणंल. नांदणार आमच्यात हाय का तुमच्या दुकानात?"

मालक घंगाळावरून उठले आणि भांडी परत फळीवर ठेवायला लागले. ते पाहून मास्तरांचा चेहरा पडला. चुलते पान खायला बाहेर गेले, तेवढ्यात मास्तर हात जोडून हळू आवाजात म्हणाले, "मालक, पाया पडतो. एवढ्याशा गोष्टीवरून सोयरीक मोडंल. हिच्यामागं अजून दोघी हायत्या. तुमचं खरंय, पण माझं भागू द्या."

मालकांनी मुलीकडे पाहिलं. ती फळीवरच्या हंड्याकडे बघत होती. मालक मला म्हणाले, "घाल. वैशाली."

छिन्नी त्यांनी घेतली नाही. एकतीस नगांवर मी मशीनने नाव घातलं. मालकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. संध्याकाळी चाचांनी हटकलं, "खाना नक्को क्या आज?" तर म्हणाले, "तोंडाला चव नाही."

पुढे दीड-दोन वर्षांत मास्तर अधूनमधून येत. आधी दिवाळीला बत्तासे घेऊन आले. मग नुसतेच आले. मग एके दिवशी पायरीवर चाचांशेजारी बसले आणि आत आलेच नाहीत. मालक बाहेर गेले. मुलगी परत आली होती. मूल नाही, हे कारण. दोन्हीकडची चार माणसं बसवून तिच्याकडून फारकत लिहून घेतली होती. अंगावरचे दागिने ठेवून घेतले होते. मास्तर भांडी मागायला गेले, तेव्हा चुलते म्हणाले होते, "भांडी तर वैशालीची हायती. तुमची गोदावरी कोण? आम्ही नाय वळखत."

मास्तर हे सांगताना हसल्यासारखं करत होते. माणसाचा अपमान ज्या दारात होतो, तिथे तो सहसा हसूनच परत येतो. पण मुलीचं पुढे काय, हा प्रश्न होता. तिच्या नावाचं जगात दुसरं काही नव्हतं. कोर्टात जायचं तर वकिलाचे पैसे, आणि घरात लग्नाच्या दोन मुली. मास्तर म्हणाले, "मालक, तुम्ही एकदा येऊन सांगा, की भांडी मी घेतली म्हणून."

आठवडी बाजाराच्या दिवशी मालकांनी दुकान बंद केलं. हे मी नोकरीत एकदाच पाहिलं. पैठण रोडला आम्ही तिघं बसने गेलो. मास्तर त्याच रस्त्यावर तिकिटं फाडत असत, पण त्या दिवशी त्यांनी तिकिटं काढली.

चुलत्यांच्या ओसरीवर गावातली पाचसहा जाणती माणसं होती. चहा आला. मालकांनी सरळ सांगितलं, की भांडी माझ्या दुकानची, पैसे मास्तरांनी मोजले, हा पोरगा हजर होता. चुलत्यांनी काही नाकारलं नाही. घरातून हंडा मागवला आणि मालकांपुढे ठेवला.

"वळखा."

मालकांनी मधलं बोट मारलं. "माझाच."

"मग वाचा की काय घातलंय. तुमचंच काम हाय."

मालकांनी वाचलं नाही. चुलते पुन्हा म्हणाले, "वाचा, मालक. तिथं बाजारात तर लई मोठ्यांदा बोलायला लावता."

तेव्हा मालकांनी वाचलं. सौ. वैशाली, आणि पुढे चुलत्यांचं आडनाव. बसलेल्या माणसांपैकी एक जण म्हणाला, "आता ह्याच्यापुढं काय बोलावं? नाव हाय तर भांडं घरचं." दुसऱ्याने मान डोलावली. हंडा आत गेला.

परतीच्या बसमध्ये मालक खिडकीपाशी बसले होते. मास्तर सारखं म्हणत होते, "जाऊ द्या मालक, तुम्ही आलात हेच लई झालं." मालक म्हणाले, "ती गोदावरी म्हणली होती." बिडकीनपर्यंत तेवढं एकच वाक्य.

मला त्या वेळी हे सगळं जरा अतिच वाटे. मी मनात म्हणे, नाव पितळेवर काय आणि कागदावर काय, शेवटी पावती कुणाची ते बघावं. मी हिशेबी माणूस आहे, आजही आहे. पण गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा पुंडलिकनगरच्या आमच्या घरी बैठकीत देण्याघेण्यावर मी काहीच बोललो नाही. एवढंच विचारलं, की नाव बदलणार का? मुलाकडचे गोंधळले. बायकोने आत नेऊन झापलं, "त्या भांडेवाल्याचं खूळ इथं काढू नका." मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, ते आधीच ठरलंय आमचं. नाही बदलणार." मला बरं वाटलं, आणि मालकांची आठवण आली. ती आठवण नुसती चांगली होती असं नाही.

कारण पुढचं अजून सांगायचं आहे.

पुढच्या सराईत चुलते स्वतः दुकानात आले. बरोबर एक मुलगी आणि तिची म्हातारी आत्या. मुलगी काळीसावळी, किरकोळ, साडीची सवय नसलेली.

"तुमची रीत माहितीय," चुलते मोकळेपणाने म्हणाले, "म्हणून संगंच आणलंय पोरीला. पुतण्याला आता ही केलीया. हिला बाप नाय, भांडी आम्हीच करतो. धा-बारा नग पुरे. घरी हायती की मागची."

मालक घंगाळावर होते. त्यांनी चुलत्यांकडे पाहिलं. मग मुलीला म्हणाले, "बाळ, नाव काय तुझं?"

तिने आत्याकडे पाहिलं. "सुमन."

चुलते हसले. "अगं ते जुनं. आता काय ठरलंय?"

"वैशाली," मुलगी म्हणाली.

मशीन माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं.

"तेच घाला, मालक," चुलते म्हणाले. "आणि अक्षर बी मागच्यासारखंच पायजे. जुन्यात मिसळलं पायजे. म्हणून तर शेजारी गेलो नाय."

मुलीने चुलत्यांना विचारलं, "मामा, जुन्यावर कुणाचं नाव हाय?"

"तुझंच की," चुलते म्हणाले.

पायरीवर चाचांचा हात थांबला होता. मला वाटलं, आता मालक उठतील आणि ह्या माणसाला दुकानाबाहेर काढतील. मी तर फळीवरची भांडी आवरायची तयारीसुद्धा केली. मालक उठले. चुलत्यांच्या जवळ गेले आणि दुकानदाराच्या आवाजात म्हणाले, "मिसळायचं कशाला? नव्या माणसाला जुनं कशाला? मागचे एकतीस नग सगळे घेऊन या. वजनाला वजन नवं देतो. घट धरत नाही, घडणावळ लावत नाही. नाव फुकट."

जुन्याच्या बदल्यात नवं देताना दुकानदार वजनात घट धरतो, वर घडणावळ लावतो. निम्मा धंदा त्यावरच चालतो. असा सौदा कासारी बाजारात कुणी केल्याचं मी ऐकलं नाही. चुलत्यांनीही ऐकलं नव्हतं.

"का बरं?" ते संशयाने म्हणाले.

"मशीनचं काम हाय ते. मला पसंत नाही. परत पायजे."

चुलते आत्याकडे बघून हसले. कपाळाजवळ बोट फिरवलं. पण त्यात दहा-बारा नगांचे पैसे वाचत होते, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो आला.

वजन झालं. एकेक जुनं भांडं उतरलं, एकेक नवं चढलं. चुलते काट्याकडे डोळे लावून उभे होते. मी मशीन जोडलं, तर मालक म्हणाले, "राहू दे." त्यांनी छिन्नी-हातोडी घेतली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकतीस नगांवर वैशाली हे नाव स्वतः ठोकलं. चांगलं ठोकलं. त्यांच्या हातून वाईट अक्षर निघतच नसे. ती मुलगी दुकानाच्या कडेला बसून बघत होती. आपलं नाव कसं घालतात ते कुणीही बघेल, तशी. मध्ये एकदा तिने अक्षरावरून बोट फिरवलं.

टेम्पो गेल्यावर चाचांनी विचारलं, "वो पहली का तो हो गया, मालिक. और ये दूसरी?"

मालकांनी छिन्नी पुसून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि गोदावरी आले. मालकांनी एकतीस भांडी ओळीने मांडून ठेवली होती. मास्तर ती बघून पायरीवरच बसले. मालक मुलीला म्हणाले, "हे सगळं तुझं. घासून हे नाव काढतो. बोल, काय घालू? मोठ्यांदा बोल."

ती आता पहिल्यासारखी खणखणीत बोलत नव्हती. तिने ओळीतून एक तांब्या उचलला.

"ह्याच्यावर गोदावरी घाला. बाकीची राहू द्या. मला विकायचीत."

मास्तर उठून आत आले. "अगं, संसाराची भांडी हायती ती!"

"कुणाच्या संसाराची, दादा?" ती वडिलांना म्हणाली. "नर्सिंगला नंबर लागतोय म्हणत्यात. होस्टेलला काय हंडा डोक्यावर घेऊन जाऊ?"

चाचा हसले. मास्तर हसले नाहीत. मालकांनी तांब्या हातात घेतला, वाजवला, कानस लावून जुनं नाव घासून काढलं. पितळेवर तेवढी जागा उथळ आणि जास्त पिवळी दिसत होती. तिथेच त्यांनी छिन्नीने गोदावरी घातलं. आडनाव विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्यानंतर मी आणखी वर्षभर तिथे होतो. मालकांनी पुन्हा कुठल्याही मुलीला नाव विचारलं नाही. कुणी कागद पुढे केला, की तो माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, "घाल." शेजारचा दुकानदार आता ओरडून गिऱ्हाईक पळवत नसे, त्याची गरज उरली नव्हती. भांडी वाजवायचंही त्यांनी हळूहळू सोडलं. चहाचा ग्लास ते नुसता तोंडाला लावत. मला बँकेत नोकरी लागल्याचं सांगायला गेलो, तेव्हा त्यांचं बोट माझ्या टाळूकडे येईल म्हणून मी मान खाली केली. ते म्हणाले, "जा. बरं झालं."

ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पुतण्याने दुकान विकलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. माळ्यावरची तीन भांडी कुठे गेली, असं मी पुतण्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मोडीत दिली सगळी." किलोला काय भावाने दिली ते मी विचारलं नाही.

उरला गोदावरी आली त्या दिवसाचा हिशेब. तो मीच मांडला होता, म्हणून मला पाठ आहे. तांब्या सोडून भांडी भरली चाळीस किलो. मोडीच्या भावाने अठ्ठावीस रुपयांप्रमाणे अकराशे वीस होत होते. मालक म्हणाले, नव्याचा भाव धर. अडतीसने पंधराशे वीस. त्यातून तांब्यावरची चार अक्षरं, साठ पैसे, त्यांनी वजा करायला लावली. मला वाटलं चेष्टा करतात, पण ते म्हणाले, "नाव फुकट घातलं तर ते तिचं राहत नाही." पंधराशे एकोणीस रुपये चाळीस पैसे. मास्तरांनी हात पुढे केला तरी मालकांनी पैसे त्यांच्या हातात दिले नाहीत, गोदावरीच्या हातात दिले. तिने मोजून घेतले.

सुमनला काही दिलं गेलं नाही.